गाडी थांबलीय की चाललीय?

लंडनच्या नॅशनल गॅलरीत जॉन कॉन्स्टेबलच्या ‘द हे वेन’समोर मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा आधी गाडीच दिसली. नदीच्या पाण्यात रिकामी चारचाकी गाडी, तीन काळे घोडे, गाडीत दोन माणसं. आभाळ, झाडं, डावीकडचं घर हे सगळं नंतर. माझं माहेर भुदरगड तालुक्यातलं, वेदगंगेच्या काठचं. आजोबा सुतार होते, गाड्या करायचे. तुंबा, आरे, पाटे, धाव हे चाकाच्या भागांचे शब्द मी मुळाक्षरांच्या आधी शिकले. त्यामुळे गाव कुठलं, काळ कुठला याचा विचार व्हायच्या आत नजर चाकांवर गेली होती.

त्यानंतर दीड वर्षाने मी या चित्राची प्रत करायला घेतली.

शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा दिल्या, त्यानंतर वीस वर्षं ब्रश हातात धरला नव्हता. इथे लंडनला आल्यावर संध्याकाळच्या तैलरंगाच्या वर्गाला जायला लागले. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी एकदा सांगितलं, की दहा चित्रं काढण्यापेक्षा एका चांगल्या चित्राची शेवटपर्यंत प्रत कर, मग कळेल. कुठलं चित्र, हे मला शोधावं लागलं नाही. मूळ चित्र १३० सेंटिमीटर उंच आणि १८५ सेंटिमीटर रुंद आहे. मी बरोबर निम्म्या मापाचा कॅनव्हास ताणून घेतला, ६५ बाय साडेब्याण्णव. घरातल्या एका खोलीची खिडकीकडची भिंत त्यालाच गेली.

गॅलरी शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडी असते. ऑफिस सुटलं की मी तिकडे जायची. रंग नेता येत नाहीत, म्हणून वही आणि पेन्सिली. पहिले दोन महिने मी फक्त रेखाटनं केली. एक शुक्रवार नुसत्या घराच्या छपराचा, एक डावीकडच्या झाडांच्या बुंध्यांचा, एक घोड्यांच्या पायांचा. लोक येत, दहा सेकंद थांबत, फोटो काढत आणि जात. त्यांना नावं ठेवत नाही, पहिल्या वेळी मीही तेच केलं होतं. पण चित्रात कोण कोण आहे हे मला पाचव्या शुक्रवारी कळलं. घराजवळ पाण्याच्या काठावर वाकलेली एक बाई आहे. उजवीकडे झुडपांत होडीपाशी एक मासे धरणारा आहे, तो तर शोधावाच लागतो. आणि लांब उजवीकडे, कुरणाच्या टोकाला, गवत कापणारी माणसं आहेत. त्यांना पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका, बस एवढंच. ती दिसली तेव्हा गाडी रिकामी का आहे ते उमगलं. ती गवत आणायला निघाली आहे.

रविवारी गावी अण्णांना, म्हणजे वडिलांना, व्हिडिओ कॉल असतो. मी त्यांना माझी रेखाटनं दाखवली, मग मूळ चित्राचा फोटो पाठवला. अण्णांनी फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “गाडी थांबलीया का चाललीया?”

मला उत्तर देता आलं नाही. दोन महिने मी त्या गाडीसमोर बसत होते.

“न्हाई, मी का विचारतोय,” अण्णा म्हणाले, “उन्हाळ्याचं दिवस दिसत्यात. लाकूड आटलं असंल. चाक भिजवाय लावलं असणार.”

हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि तरीही सुचलं नव्हतं. आजोबांच्या सुतारमेटासमोर धाव चढवायचा दिवस म्हणजे आम्हा पोरांचा सण असायचा. शेणींच्या आगीत लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापवायची, चार माणसांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, हातोड्याने ठोकून सारखी करायची आणि लगेच घागरींनी पाणी ओतायचं. चर्र आवाज आणि वाफ. लोखंड आकसलं की ते लाकडाला असं आवळून धरतं की सगळे सांधे करकरून बसतात. पण चैत्र-वैशाखात लाकूड वाळून आटतं, धाव सैल होते आणि रस्त्यात निसटायची भीती असते. मग लोक गाडी नदीच्या उताराला पाण्यात उभी करून ठेवत. लाकूड पाणी पिऊन फुगलं की धाव परत घट्ट.

‘द हे वेन’मधली गाडी पाण्यात का, याची इंग्लंडमध्येही हीच कारणं सांगतात. तिथे नदी ओलांडायचा उतार आहे, गाडी पलीकडच्या कुरणात जाते आहे, हे एक. आणि वाटेत घोड्यांचे पाय गार व्हावेत, चाकं भिजून धावा घट्ट बसाव्यात, हे दुसरं. १८२१ मध्ये चित्र पहिल्यांदा लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागलं, तेव्हा त्याचं नाव होतं ‘लँडस्केप: नून’. म्हणजे भर दुपार. ‘हे वेन’, गवताची गाडी, हे नाव चित्रकाराचा मित्र जॉन फिशर याने लाडाने दिलं आणि तेच टिकलं.

त्या रविवारनंतर माझं बघणं बदललं. कॉन्स्टेबलला हे सगळं ठाऊक होतं का, हे मला शोधायचं होतं. ठाऊक होतंच. हा माणूस १७७६ मध्ये सफोकमधल्या ईस्ट बर्गहोल्टला जन्मला. वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल यांची फ्लॅटफर्डला पाणचक्की होती, आणि चित्रातलं पाणी हे त्या चक्कीचंच तळं. गिरणी चित्रात दिसत नाही, कारण बघणारा तिच्याच आवारात उभा आहे. पण चित्र रंगवताना तो गावात नव्हता. लंडनमध्ये केपल स्ट्रीटवर राहत होता. जुनी रेखाटनं होती, आठवण होती, पण गाडी नेमकी कशी असते तिथे येऊन हात अडला. भाऊ एब्रम गावात गिरणी सांभाळत होता. त्याच्यामार्फत जॉन डनथॉर्न या गावातल्या तरुणाकडून खऱ्या गाडीचं रेखाटन करून मागवलं. १८२१ च्या फेब्रुवारीत एब्रमचं पत्र आलं, त्यात या रेखाटनाचा उल्लेख आहे.

हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. सहा फुटांच्या चित्रातली गाडी अंदाजाने काढली असती तर लंडनमधल्या कुणाला कळणार होतं? पण फ्लॅटफर्डच्या माणसाला कळलं असतं, आणि कॉन्स्टेबल त्या माणसासाठीही रंगवत होता असं मी मानते. सुताराच्या नातीला यापेक्षा मोठा आदर कुठला वाटणार?

मग व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेले. तिथे याच चित्राचं पूर्ण मापाचं कच्चं चित्र आहे. कॉन्स्टेबल मोठ्या चित्रांआधी त्याच मापाचा एक अख्खा कॅनव्हास सरावासाठी रंगवायचा. एवढा रंग, एवढे दिवस, विकायचंही नाही, फक्त स्वतःला समजावं म्हणून. त्या कच्च्या चित्रात तपकिरी जमीन, म्हणजे रंगाचा सगळ्यात खालचा थर, जागोजाग उघडी आहे. ब्रशचे फटकारे सुटे, जाड, घाईचे. बऱ्याच लोकांना आज हेच जास्त आवडतं. मला पक्कं चित्र आवडतं, कारण त्यात चाक कळतं.

त्या कच्च्या चित्रात खाली काठावर घोड्यावर बसलेला एक पोरगा आहे. पक्क्या चित्रातही कॉन्स्टेबलने तो आधी रंगवला होता, मग पुसून तिथे पिंप काढलं, आणि शेवटी पिंपही झाकून टाकलं. वर्षांनुवर्षं तेलाचा रंग पारदर्शक होत जातो, त्यामुळे आज नीट बघितलं तर त्या जागी काहीतरी असल्याचा भास होतो. कुत्रा तेवढा राहिला. कुत्रा गाडीकडे बघतोय आणि आपण कुत्र्यामुळे गाडीकडे बघतो. पोरगा असता तर नजर त्याच्यापाशीच अडकली असती.

रंगवायला सुरुवात केली ती ऑक्टोबरात. बर्न्ट सिएना आणि रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून अख्ख्या कॅनव्हासला चहाच्या रंगाची जमीन दिली. वाळल्यावर चौकटी आखून रेखाटन उतरवलं. मग अंबरने सावल्या. या टप्प्यावर चित्र इतकं छान दिसत होतं की इथेच थांबावं असं वाटलं.

पुढे हिरव्याने माझी परीक्षा बघितली. मी एका छापील प्रतीवरून रंग जुळवत होते. कागदावर कुरण लिंबासारखं पिवळं-हिरवं छापलेलं. मी तसंच मोठ्या प्रमाणात मिसळून, डबीत भरून, दोन दिवसांत अख्खं कुरण आणि झाडं भरली. शुक्रवारी गॅलरीत गेले आणि कळलं की सगळं चुकलं आहे. मूळ चित्रात एकसारखा हिरवा एक तळहातभरसुद्धा नाही. एका फांदीत तपकिरी, निळसर, पिवळट, काळपट असे सात-आठ तुकडे शेजारी शेजारी आहेत आणि लांबून ते मिळून हिरवे होतात. फ्रेंच चित्रकार देलाक्रवा याने आपल्या रोजनिशीत हेच टिपून ठेवलंय, की कॉन्स्टेबलच्या कुरणांचा हिरवा सरस का, तर तो अनेक वेगवेगळ्या हिरव्यांचा बनलेला असतो. मी घरी येऊन पॅलेट नाइफने ओला रंग खरवडून काढला, चिंधीला टर्पेंटाइन लावून पुसला. दोन दिवसांचं काम गेलं. त्यानंतर डबीत रंग भरायचं सोडलं. प्रशियन ब्लूमध्ये कधी ऑकर, कधी सिएना, कधी नुसता चिमूटभर पिवळा, प्रत्येक वेळी नव्याने. एका संध्याकाळी हातभर कुरण व्हायचं.

पाण्याला सगळ्यात कमी वेळ लागला, का ते सांगता येत नाही. बहुतेक नदी हाताला ठाऊक होती.

पानांवरचे पांढरे ठिपके मात्र पुन्हा अवघड गेले. त्या काळच्या टीकाकारांनी त्यांना ‘कॉन्स्टेबलचा बर्फ’ म्हणून हिणवलं. मलाही सुरुवातीला ते वरून शिंपडल्यासारखे वाटत. पण जवळून बघताना दिसलं की प्रत्येक ठिपका जिथे पान ओलं आहे, जिथे ते उजेडाकडे वळलंय, तिथेच पडलाय. आभाळात डावीकडे काळा ढग आहे आणि उजवीकडे ऊन. नुकती सर येऊन गेलीय किंवा येऊ घातलीय. गवत कापायला काढलेल्या माणसाला या आभाळाची काय धास्ती असते ते शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको. घोड्यांच्या साजावरचा लाल तर जेमतेम बोटभर जागेत आहे, पण तो झाकून बघा, सगळा हिरवा मलूल होतो. मी तो लाल सर्वांत शेवटी लावला आणि खोलीचा दिवा मोठा केल्यासारखं झालं.

मधल्या जुलैत फ्लॅटफर्डला जाऊन आले. लिव्हरपूल स्ट्रीटवरून गाडीने मॅनिंगट्री, तिथून स्टूर नदीच्या काठाने कुरणातून चालत. एका बाजूला सफोक, दुसऱ्या बाजूला एसेक्स. विली लॉटचं घर तिथे तसंच आहे, चित्रात डावीकडे आहे तेच. विली लॉट हा शेतकरी त्या घरात ऐंशीहून अधिक वर्षं राहिला आणि सगळ्या आयुष्यात चारच रात्री घराबाहेर झोपला, असं सांगतात. काठावर उभं राहिलं की घर ओळखू येतं, पाणी ओळखू येतं, पण पलीकडचं मोकळं कुरण नाही. आता झाडी वाढली आहे. मी तिथे एक तास बसून रेखाटन केलं आणि बांधावरून पाणी पडल्याचा आवाज ऐकत राहिले. कॉन्स्टेबलने १८२१ च्या ऑक्टोबरात फिशरला लिहिलेल्या पत्रात याच गोष्टींची नावं घेतली आहेत. गिरणीच्या बांधातून निसटणारं पाणी, वाळुंजाची झाडं, कुजक्या फळ्या, शेवाळलेले खांब, विटांचं बांधकाम. यांनीच मला चित्रकार केलं, असं तो म्हणतो.

एक गोष्ट मात्र मनातून जात नव्हती आणि ती लिहायलाच हवी. चित्र रंगवलं तो काळ त्या भागात सुखाचा नव्हता. १८१५ मध्ये नेपोलियनशी चाललेलं युद्ध संपलं, धान्याचे भाव पडले, फौजेतून सुटलेली माणसं गावी परतली, मजुरी घसरली. पूर्व इंग्लंडच्या या पट्ट्यात १८१६ मध्ये दंगे झाले, १८२२ मध्ये पुन्हा झाले. मजुरांनी मळणीची यंत्रं मोडली, गंजी पेटवल्या. चित्रात यातलं काहीही नाही. कुरणातली माणसं ठिपक्याएवढी आहेत. त्यांच्या मजुरीबद्दल, भुकेबद्दल गिरणीमालकाच्या मुलाने अवाक्षर काढलेलं नाही. माझ्या ओळखीतल्या एकीने विचारलंही, मग हे खोटं चित्र नाही का? मी त्या माणसांचे ठिपके स्वतःच्या हाताने लावले आहेत, त्यामुळे मला प्रामाणिकपणे जे वाटतं ते असं: कॉन्स्टेबलला ती माणसं कळली नाहीत, त्यांचं काम कळलं. गाडी कुठून कशी जाते, गवत कधी कापतात, फळी कुठे कुजते, हे त्याने अचूक धरलं. अर्धंच सत्य आहे ते. पण त्याच्या काळात इतक्या मोठ्या कॅनव्हासवर देव नाही, राजा नाही, लढाई नाही, एक रिकामी गाडी मधोमध ठेवणं ही लहान गोष्ट नव्हती.

लंडनमध्ये तेव्हा ते विकलंही गेलं नाही. पॅरिसचा अ‍ॅरोस्मिथ नावाचा व्यापारी होता, त्याने १८२४ मध्ये घेतलं, पॅरिसच्या ‘सलों’ या चित्रप्रदर्शनात ते लागलं आणि दहाव्या चार्ल्स राजाने कॉन्स्टेबलला सुवर्णपदक दिलं. तो ते घ्यायला गेला नाही. इंग्लंड सोडून तो आयुष्यात कुठेच गेला नाही. फिरत फिरत चित्र परत आलं आणि १८८६ मध्ये हेन्री वॉन या संग्राहकाने ते नॅशनल गॅलरीला दिलं.

माझी प्रत मार्चमध्ये पूर्ण झाली. मागच्या बाजूला मराठीत लिहिलं, ‘जॉन कॉन्स्टेबलच्या चित्रावरून’, आणि तारीख. त्याआधी अण्णांना फोटो पाठवला होता. त्यांनी मोठा करून बघितला आणि म्हणाले, “पुढचं चाक मागच्यायेवढंच काढलंयस?”

मी गाडी हजार वेळा बघितली होती. पण आमची बैलगाडी दोन चाकांची. पुढचं-मागचं हा प्रश्नच माझ्या हातात नव्हता. आपोआप दोन्ही चाकं एका मापाची झाली होती. अण्णा एकेकाळी साखर कारखान्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्या दुरुस्त करत, त्यामुळे त्यांच्या डोळ्याला ते खटकलं. “चारचाकी वळायची तर पुढचा आख फिराय पायजे. चाक मोठं आसंल तर साट्याला आदळंल.”

पुढच्या शुक्रवारी जाऊन बघितलं. अण्णा बरोबर होते. इंग्लंडमधल्या जुन्या गाड्यांची पुढची चाकं लहानच असत, वळताना ती गाडीच्या तळाखाली सरकावीत म्हणून. डनथॉर्नने केलेलं रेखाटन हेच सांगायला लंडनला गेलं होतं, आणि मी इतके महिने समोर बसून ते वाचलं नव्हतं. घरी येऊन पुढचं चाक खरवडलं. आरे नव्याने काढले. त्याच्या भोवतीचं पाणी परत रंगवलं.

रंग पक्का वाळायला मी नऊ महिने थांबले. मग कॅनव्हास चौकटीवरून सोडवला, रंगाची बाजू बाहेर ठेवून एका जाड नळीवर गुंडाळला आणि डिसेंबरात गावी घेऊन गेले. तिथे आजोबांच्या हाताखाली शिकलेल्या एका काकांनी सागाची चौकट करून दिली. ओसरीवर अण्णांच्या बाजेसमोरच्या भिंतीवर खिळा कुठे मारायचा यावर चर्चा झाली. भाऊ म्हणाला, आल्या-गेल्याला दिसेल असं वर लावू.

“खाली लाव,” अण्णा म्हणाले. “बसून चाक दिसाय पायजे.”